पक्ष्याच्या किती जवळ जावे?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की आपल्याकडे घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी त्यात अष्टविनायक, महाबळेश्वर, कोकणातला एखादा किनारा अशी ठरलेली नावे असत. अलीकडे त्यांच्या जोडीला भिगवण, ठाण्याची खाडी आणि जरा लांबचे म्हणजे राजस्थानातले भरतपूर ही नावेही ऐकू येतात. रोहित पक्षी पाहायचे, चित्रबलाक पाहायचे आणि त्यांचे फोटो काढून आणायचे. लांब पल्ल्याची लेन्स ही एके काळी मोजक्या हौशी लोकांची चैन होती. आज ती मध्यमवर्गीय घरातही दिसते.

सहलीहून परतल्यावर हे फोटो नातेवाइकांना, शेजाऱ्यांना दाखवले जातात. पाहणारा हमखास विचारतो, ‘अहो, इतक्या जवळून कसा काय मिळाला?’ दाखवणाऱ्यालाही याच प्रश्नाची वाट असते. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. माणूस रानातल्या पक्ष्याच्या जवळ कसा गेला, कशासाठी गेला आणि त्या जवळिकीची किंमत कोणी मोजली, याचा हा सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास. आज त्याचीच थोडी ओळख करून घेऊ.

आधी बंदूक होती

कॅमेरा नव्हता, तेव्हा पक्षी जवळून पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता. तो म्हणजे बंदूक. अमेरिकेतला थोर पक्षी-चित्रकार ऑड्युबॉन याची ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ ही भव्य चित्रमालिका १८२७ ते १८३८ या काळात निघाली. त्यातले पक्षी आजही जिवंत वाटतात. पण ऑड्युबॉन आधी पक्षी मारत असे, मग तारांच्या आधाराने त्याला हव्या त्या पवित्र्यात बसवत असे आणि मग रंगवत असे. आपल्याकडे काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ज्यांचे नाव आपण शाळेत पाठ करतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्षीशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी पक्ष्यांची हजारो कातडी जमवली आणि १८८५ मध्ये तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळाला सरसकट दोष देणे बरोबर होणार नाही. दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या. पक्षी ओळखायला मदत करणारी सुटसुटीत सचित्र पुस्तके नव्हती. पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची जात नक्की सांगता येत नसे. खुद्द डॉ. सालिम अली यांचा पक्ष्यांशी परिचय झाला तो छर्‍याच्या बंदुकीतूनच. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणत्या जातीची, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले, आणि एका मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

अभ्यासासाठी मारणे वेगळे आणि मौजेसाठी मारणे वेगळे. मौजेचे उदाहरण पाहायचे तर भरतपूरला जावे लागेल. आज आपण जिथे कॅमेरे घेऊन जातो, ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान मुळात भरतपूरच्या महाराजांचे बदकांच्या शिकारीचे तळे. मोठे पाहुणे आले, की इथे शिकारीचा बेत होई. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे होते. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा हिशेब कोणी लपवला नाही. उलट तो अभिमानाने दगडावर कोरून ठेवला. उद्यानातल्या केवलादेव मंदिराजवळ शिकारींची ही दगडी यादी अजून उभी आहे. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. त्या दिवशी त्यांना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. पुढे हेच तळे आटवून त्याची शेती करावी असा आग्रह सुरू झाला, तेव्हा ते वाचवणाऱ्यांत सालिम अली होते.

काच, काळोख आणि कबुतरखान्याबाहेरचे पक्षी

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, असे आपण सहज म्हणतो. पण ती एका दिवसात घेतली नाही. सुरुवातीचा कॅमेरा पक्ष्याच्या काहीच कामाचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फोटो ओल्या काचेवर काढत. काचेला रसायन लावायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याच्या आत काळोखात नेऊन काच धुवायची. म्हणजे फोटोग्राफरबरोबर एक काळोखा तंबूच फिरायचा. समोरच्याने कित्येक सेकंद हलायचे नाही. माणसांना मान स्थिर ठेवण्यासाठी मागून लोखंडी चिमटा लावत. पक्ष्याला कोण लावणार?

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची युक्ती सुचवली. पुढच्या दहा वर्षांत तिच्यात सुधारणा झाली, तयार काचा बाजारात मिळू लागल्या आणि फोटो काढायला सेकंदाचा छोटासा अंश पुरू लागला. मग पक्षी कॅमेऱ्याच्या टप्प्यात आले. १८८२ मध्ये मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी एक यंत्र केले. सेकंदाला बारा फोटो घेणारे हे यंत्र दिसायला कसे होते? हुबेहूब बंदुकीसारखे! नळी, दस्ता, चाप, सगळे काही. पक्ष्यावर नेम धरायचा, पण गोळी नाही. १८८४ मध्ये जर्मनीत आन्श्युट्झ याने करकोच्यांचे सुंदर फोटो घेतले. इंग्रजीत गोळी झाडायला आणि फोटो काढायला आजही एकच क्रियापद वापरतात. दोन्हींचे घराणे एकच आहे, याची ती खूण म्हणायला हवी.

सुट्टीतले दोन भाऊ

या इतिहासातली सर्वांत रंगतदार जोडी म्हणजे इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोन भाऊ. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात ते वाढले. थोरला रिचर्ड १८६२ चा, धाकटा चेरी १८७१ चा. लहानपणी पक्ष्याचे घरटे पाहायला झाडावर चढला असताना रिचर्ड पडला आणि एका पायाने कायमचा अधू झाला. पुढे शिकारीला आलेल्या एका लंडनच्या प्रकाशकाला त्याने रानकोंबड्यासारख्या ग्राउस पक्ष्याचा आवाज इतका बेमालूम काढून दाखवला, की त्याला कॅसल या प्रकाशन संस्थेत नोकरीच मिळाली. मागाहून चेरीही तिथेच लागला.

म्हणजे दोघेही लंडनमधले नोकरदार. आठवडाभर कचेरी. पक्ष्यांसाठी मोकळा वेळ म्हणजे सुट्टीचा दिवस आणि वर्षाची रजा. १८९२ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ फिरताना चेरीने एका थ्रश पक्ष्याच्या अंड्यांसकट घरट्याचा फोटो घेतला. तो फोटो पाहून रिचर्डच्या मनात आले, की पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सगळे पुस्तकच अशा फोटोंनी का सजवू नये? १८९५ मध्ये त्यांचे ‘ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्‌स’ हे पुस्तक निघाले. रानात जाऊन घेतलेल्या फोटोंनी सजलेल्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी दोघे स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावर गेले. तिथल्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या लाखोंच्या वसाहती. दोराला लोंबकळून, जड लाकडी कॅमेरा सांभाळत त्यांनी फोटो घेतले.

पण कीर्टन बंधूंची खरी कीर्ती आहे ती त्यांच्या सोंगांसाठी. त्यांच्या लेन्सचा पल्ला अगदी थोडा. पक्षी दोन-चार हातांवर आला, तरच फोटोत मोठा दिसणार. इतक्या जवळ माणसाला कोण येऊ देणार? मग त्यांनी माणूसच दिसेनासा केला. झाडाचे पोकळ खोड तयार केले. खोटा खडक तयार केला. खोटी मेंढी केली. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे, खाटकाकडून बैलाचे आख्खे कातडे आणून, आत लाकडी सांगाडा घालून एक बैल उभा केला. रिचर्ड कॅमेऱ्यासकट त्या बैलाच्या पोटात उभा राहायचा. कुरणात बैल असतोच, त्यामुळे पक्ष्यांना त्याचे काही वाटत नसे. एकदा म्हणे आत ओणवे उभे राहून रिचर्डला भोवळ आली आणि बैल त्याच्यासकट उलटला, चारी पाय वर! चेरी परत आला तो हे दृश्य पाहून आधी त्याने फोटो काढला आणि मग भावाला बाहेर ओढले. तो फोटो आजही छापला जातो.

या चेरी कीर्टनची आणखी एक आठवण रेडिओवरून सांगण्यासारखी आहे. पुढे तो आफ्रिकेत गेला, वन्यप्राण्यांचे चित्रपट काढू लागला, जगभर प्रसिद्ध झाला. मुलांसाठी तो बीबीसीवरून बोलत असे. २७ सप्टेंबर १९४० रोजी मुलांच्या कार्यक्रमात बोलून तो लंडनच्या नभोवाणी केंद्रातून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्याचे निधन झाले.

घरट्याचाच फोटो का?

कीर्टन बंधूंच्या काळात आणि नंतरही जवळजवळ पन्नास वर्षे पक्ष्याचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा घरट्याचा फोटो असे. याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या बऱ्याच चुकांचे मूळ तिथे आहे. लेन्सचा पल्ला कमी, कॅमेरा तिकाटण्यावर बसवलेला, काच एका वेळी एकच. उडत्या, फिरत्या पक्ष्यामागे धावणे अशक्य. मग पक्षी नक्की कुठे येईल? जिथे त्याची अंडी आहेत, पिल्ले आहेत तिथे. आई-बापांची ओढ हाच फोटोग्राफरचा सापळा होता.

त्यातून लपण उभारण्याचे एक शास्त्र तयार झाले. लपण म्हणजे कापडाचा किंवा फांद्यांचा आडोसा. तो एकदम घरट्याशी न्यायचा नाही. आधी लांब उभा करायचा. एक-दोन दिवसांनी थोडा पुढे. पक्षी निर्धास्तपणे घरट्यावर येतो आहे याची खात्री पटली, की आणखी थोडा पुढे. फोटोच्या दिवशी दोघांनी लपणाकडे जायचे. एक आत बसायचा, दुसरा उघडपणे निघून जायचा. आत गेलेली आणि बाहेर आलेली माणसे मोजण्याच्या भानगडीत पक्षी पडत नाही. माणूस गेला असे समजून तो घरट्यावर परततो. जवळच्या एका फोटोसाठी आठवडाभराची तयारी लागे. ही माणसे पक्ष्याकडे जात नव्हती. पक्षी आपणहून येईपर्यंत ती थांबत होती.

आपल्या रायगड जिल्ह्यातले किहीम हे याचे घरचे उदाहरण. १९३० च्या सुमारास सालिम अलींना हातची नोकरी नव्हती आणि ते किहीमच्या किनाऱ्यावर राहत होते. पावसाळ्यात तिथल्या झाडांवर सुगरणींची वसाहत लागली. कॅमेऱ्यासाठी नव्हे, नुसते पाहण्यासाठी ते घरट्यांजवळ आडोशात तासन्‌तास बसले. सुगरणीचे घरटे मादी विणते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्यांना दिसले ते असे: घरटे नर विणतो. ते अर्धे झाले, की माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडले तर एखादी मादी त्यात राहते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. १९३१ मध्ये सालिम अलींनी हे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. घरट्यावरचा पक्षी बिचकलेला असता, तर यातले काहीही दिसले नसते.

सालिम अलींबरोबर पुढे जे फोटोग्राफर फिरले, त्यांत सिंगापूरचे लोक वान थो हे धनाढ्य चित्रपटव्यावसायिक होते. १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती जाण्याच्या सुमारास ते जहाजाने निसटले. त्या जहाजावर बॉम्ब पडले. ते भाजले, काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचार घेऊन ते भारतात आले आणि इथे त्यांना सालिम अली भेटले. युद्धानंतर पसारा प्रचंड वाढला, तरी धंद्यातून सवड काढून ते पक्ष्यांसाठी भटकत राहिले. त्यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक १९५७ मध्ये आले. १९६४ मध्ये तैवानमध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

फोटोने काय साधले?

पक्ष्यांच्या या फोटोंनी नुसती करमणूक केली नाही. त्यांनी कायदे बदलायला मदत केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोपीवर पिसे खोवण्याची फॅशन होती. सर्वांत जास्त मागणी बगळ्याच्या विणीच्या हंगामातल्या नाजूक पिसांना. ती पिसे अंगावर असतात तेव्हाच बगळ्यांची पिल्ले घरट्यात असतात. म्हणजे एक बगळा मारला, की मागे त्याची पिल्ले उपाशी. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात आर्थर मॅटिंग्ली हा पक्षीप्रेमी बगळ्यांच्या एका वसाहतीत गेला. पाहतो तो शिकारी येऊन गेलेले. मेलेले बगळे खाली पडलेले आणि घरट्यांतून भुकेली पिल्ले माना वर करून वाट पाहणारी. त्याने ते फोटो घेतले. १९११ मध्ये लंडनच्या पक्षी-संरक्षण संस्थेने ते फोटो मोठ्या फलकांवर लावले आणि माणसे ते फलक गळ्यात अडकवून रस्त्यांतून फिरली. १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडून होणारी पिसांची निर्यात त्याआधीच, १९०२ मध्ये बंद केली होती.

अमेरिकेत विल्यम फिन्ली आणि हर्मन बोहलमन या दोन मित्रांनी ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर आणि दलदलीत जाऊन पक्ष्यांच्या वसाहतींचे फोटो घेतले. ते फोटो राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पाहिले आणि १९०७ व १९०८ मध्ये त्या जागा राखीव झाल्या. इंग्लंडमध्ये बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. १९११ मध्ये एमा टर्नर या बाईंनी नॉरफोकच्या दलदलीत त्याचे पिल्लू शोधून त्याचा फोटो घेतला. तो पक्षी तिथे पुन्हा वीण करू लागला, याचा तो पुरावा ठरला.

असा पुरावा महाराष्ट्रालाही मिळाला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. १९१४ ची एक नोंद होती. पण ती रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या नामांकित संग्राहकाने केलेली बनवाबनवी निघाली. त्याने संग्रहालयातला जुनाच पक्षी चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. ही लबाडी उघडकीला आणणाऱ्या पामेला रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये खानदेशात आल्या आणि शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. पुरावा म्हणून त्यांनी तो मारला नाही. त्याचे चित्रण केले. पेंढा भरलेला पक्षी जिथे खोटे बोलला होता, तिथे कॅमेऱ्याने खरे सांगितले.

किंमत कोणी मोजली?

आता नाण्याची दुसरी बाजू. या फोटोंसाठी पक्ष्यांना काय सोसावे लागले? घरटे बहुधा पानांत दडलेले असते. फोटो नीट यावा म्हणून पुढच्या फांद्या बाजूला बांधत किंवा सरळ कापत. घरटे उघडे पडले, की ऊन थेट अंड्यांवर येते. कावळ्याला, सापाला, मुंगसाला वाट दिसते. आई घाबरून तासभर दूर राहिली, तर अंडी थंड पडतात किंवा भाजून निघतात. फोटोत हे काहीच दिसत नाही. फोटो उत्तम येतो. घरटे मात्र फोटोग्राफर घरी पोचायच्या आत मोडलेले असू शकते.

ज्या फिन्ली आणि बोहलमन यांच्यामुळे पक्ष्यांच्या जागा राखीव झाल्या, त्यांनीच १९०६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉन्डॉर गिधाडाच्या घरट्याला अनेक भेटी दिल्या, अंड्यापासून पिल्लू वाढेपर्यंत फोटो घेतले आणि शेवटी ते पिल्लू उचलून घरी नेले. ते पुढे प्राणिसंग्रहालयात गेले. त्या काळी यात कोणाला गैर वाटले नाही. १९८२ मध्ये जगभरात या जातीची अवघी २२ गिधाडे उरली होती. तिची वाताहत शिकार, विषबाधा अशा इतर कारणांनी झाली. पण पक्ष्यावर प्रेम करणारा माणूसही कुठपर्यंत जाऊ शकतो, हे त्या पिल्लाच्या गोष्टीतून कळते.

क्वचित माणसालाही किंमत मोजावी लागली. एरिक हॉस्किंग हा विसाव्या शतकातला ब्रिटनचा सर्वांत नावाजलेला पक्षी-फोटोग्राफर. १९३७ च्या मे महिन्यात वेल्समध्ये तो रात्री एका घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे निघाला होता. घुबडाचे पंख वाजत नाहीत. पिल्लांची राखण करणाऱ्या त्या घुबडाने अंधारात झडप घातली आणि हॉस्किंगचा डावा डोळा गेला. त्याने कॅमेरा सोडला नाही. पुढे १९७० मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव ‘ॲन आय फॉर अ बर्ड’, म्हणजे पक्ष्यापायी दिलेला डोळा आणि पक्षी टिपणारा डोळाही.

घरट्याजवळ माणूस आलेला पक्ष्याला काय वाटते, हे त्या घुबडाने एका झडपेत सांगितले. सगळे पक्षी असे झडप घालत नाहीत. बहुतेक मुकाट्याने उडून जातात आणि आपण समजतो, की काही बिघडले नाही.

आपला कायदा मात्र तसे समजत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. मारणे, पकडणे, फासे लावणे हे तर तिच्यात आहेच. आमिष दाखवणेही आहे. आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे, अंडी किंवा घरटे विचलित करणे, हेही त्या व्याख्येत आहे. म्हणजे बंदूक नसली, एकही पीस गळले नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने शिकार होऊ शकते. मारेच्या बंदुकीसारख्या कॅमेऱ्यापासून निघालेला धागा इथे येऊन पोचतो.

आज अडचण कसली?

गंमत अशी, की कीर्टन बंधूंची जी अडचण होती ती आता राहिलेली नाही. लांब पल्ल्याच्या लेन्स आल्या. १९८५ पासून आपोआप नेम साधणारे कॅमेरे सर्रास मिळू लागले. १९९९-२००० च्या सुमारास डिजिटल कॅमेरे हौशी लोकांच्या हाती येऊ लागले आणि रोलचा खर्च संपला. आज पन्नास पावलांवरचा पक्षी डोळ्यातल्या चमकेसकट टिपता येतो. घरट्याजवळ जाण्याची गरजच उरली नाही. अनेक छायाचित्र-स्पर्धा घरट्याचे फोटो स्वीकारत नाहीत, त्याचे कारण हेच.

मग उलट का होते? साधन सुधारले, पण सवड कमी झाली. कीर्टन बंधू रजेचे दिवसच्या दिवस एका पक्ष्यासाठी घालवत. आपल्याला एका सकाळी दहा पक्षी हवे असतात. मग मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावायचा. तो नर आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून दाणापाणी सोडून धावत येतो, पुन्हा पुन्हा येतो. किंवा भिगवणसारख्या ठिकाणी रोहितांचा कळप उडताना हवा म्हणून नाव सरळ कळपात घालायला सांगायचे. चिखलात चोच उलटी बुडवून कण कण गाळून खाणारा तो पक्षी. प्रत्येक उड्डाणाला त्याची शक्ती खर्च होते आणि खाण्याचा वेळ जातो तो वेगळाच. एका नावेने एकदा उठवले, तर फारसे बिघडत नाही. सुट्टीच्या दिवशी तिथे किती नावा असतात, ते जाऊन पाहावे.

मग जवळ जायचेच नाही का? जरूर जायचे. पण किती जवळ, हे पक्षीच सांगतो. खाणारा पक्षी खाणे थांबवून मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला, म्हणजे ती हद्द आली. तिथे थांबावे. न हलता बसावे. थोड्या वेळाने तो पुन्हा खाऊ लागला, तर आपल्याला परवानगी मिळाली. तो शेपटी उडवू लागला, ओरडू लागला, एकाच जागेभोवती घिरट्या घालू लागला, चोचीत किडा धरून नुसता बसून राहिला, तर आपण त्याच्या घरट्याच्या वाटेत उभे आहोत. दोन पावले नव्हे, चांगले लांब मागे यावे.

भरतपूरला गेलात तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. आत पर्यटकांच्या मोटारी नेत नाहीत. रिक्षा असतात आणि त्यांचे कित्येक चालक पक्ष्यांचे उत्तम जाणकार आहेत. कोणत्या झाडावर कोणते घुबड बसते, हे ते पाठ्यपुस्तकासारखे सांगतात. त्यांचे ऐकावे. रस्त्याने जाणारी रिक्षा पक्ष्यांच्या रोजच्या पाहण्यातली असते, कीर्टन बंधूंच्या बैलासारखी. रिक्षात बसून राहिलात, तर बगळा चार हातांवरही मासे टिपत राहतो. उतरून एक पाऊल त्याच्याकडे टाकलेत, की उडून जातो.

सहलीहून परतल्यावर फोटो दाखवताना कोणी विचारील, ‘इतक्या जवळून कसा मिळाला?’ त्याच वेळी आपणही आपल्या फोटोकडे पाहून एक प्रश्न विचारावा. फोटोतला पक्षी काय करतो आहे? मासा पकडतो आहे, पंख साफ करतो आहे, डुलकी काढतो आहे, की आपल्याकडे टक लावून पाहतो आहे? पक्षी आपल्या कामात गढलेला असेल, तर फोटो काढून आपण निघून आल्यावरही तो तेच करत राहिला असणार. असे फोटो दोनच मिळाले तरी सुट्टी सत्कारणी लागली म्हणायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)